ओल

डॉक्टरांनी बाबांच्या हातात खुणा कोरलेली एक प्लास्टिकची नळी दिली. म्हणाले, "काका, मान जरा खाली घालून बसा. बोलायचं नाही, गिळायचं नाही. तोंडात जे येईल ते यात सोडत राहा. पाच मिनिटं."

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात खिडकीचा कूलर घरघरत होता आणि खोलीभर वाळ्याचा ओला वास होता. बाबा नळी ओठांशी धरून बसले. आई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. मी घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं झाल्यावर डॉक्टरांनी नळी उजेडाकडे धरली. तळाला नुसती ओल दिसत होती. पहिल्या खुणेपर्यंतसुद्धा काही पोचलं नव्हतं.

"चांगल्या माणसाला काही न खाता नुसतं बसवलं, तर मिनिटाला साधारण ०.३ मिलिलिटर लाळ येते," डॉक्टर मला म्हणाले. मी जीवशास्त्र शिकवते हे आईनं त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. "म्हणजे पाच मिनिटांत दीड मिलिलिटर. मिनिटाला ०.१ च्याही खाली गेलं की लाळ आटली असं आम्ही धरतो."

आटली. विहीर आटते, गाईचं दूध आटतं. बाबांच्या तोंडासाठी हा शब्द ऐकायची माझी तयारी नव्हती.

बाबा नळीकडे बघत होते. चाळीस वर्षं या माणसानं खर्रा खाल्ला. नागपूरबाहेरच्या वाचकांना खर्रा कदाचित माहीत नसेल. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहातानं घोटघोट घोटतात, आणि ती पुडी दिवसभर गालात फिरत राहते. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र पानठेल्यावर घोटून मिळतच राहिला. बाबा रेल्वेत होते, अजनीला. डबा खाऊन झाला की एक पुडी, ड्यूटी संपली की एक, आणि मधल्या पुड्यांचा हिशोब कधी कुणी ठेवला नाही. खर्रा गालात असला की तोंड सारखं भरून येतं आणि सारखं थुंकावं लागतं. लहानपणी मला वाटायचं, माणसाच्या तोंडात थुंकी कधी संपतच नाही. आता त्याच माणसाला कुणीतरी थोडी लाळ मागितली होती आणि ती त्याच्याकडे नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गालाच्या आत एक जखम झाली, ती भरेचना. तुकडा तपासायला गेला त्या दिवशी त्यांनी खर्रा सोडला तो कायमचा. गाठीची शस्त्रक्रिया झाली. नंतर सहा आठवडे लाईट घेतली, एकूण ३० वेळा, सगळी मिळून ६० ग्रे, ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप. आपल्याकडे किरणोपचाराला सगळे लाईटच म्हणतात, मीही म्हणते, या शब्दानं भीती थोडी कमी होते. लाळेच्या ग्रंथींचं एक विचित्र आहे. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना किरणं लवकर मारतात, हे आम्ही वर्गात शिकवतो. लाळ करणाऱ्या पेशी तशा संथ, क्वचितच विभागणाऱ्या, तरीही त्या किरणांपुढे लवकर माघार घेतात. पहिल्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "पोरी, घास नुसता फिरून राह्यला तोंडात. खाली जात नाही." मी पाण्याचा पेला पुढे केला. तेव्हा मला ती गोष्ट पाण्याची वाटली होती.

लाईट संपून दीड महिना झाला होता. सकाळी चूळ भरताना बाबांनी आरशात जीभ बाहेर काढली आणि मला हाक मारली. जिभेवर आणि टाळूवर पांढऱ्या कण्या बसल्या होत्या, दही फाटल्यासारख्या. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. घरात ज्यांच्या हा आजार येऊन गेलाय त्यांना कळेल, तोंडात काहीही पांढरं दिसलं की मनात एकच विचार येतो. तीन दिवस आम्ही दोघांनी आईपासूनही ते लपवलं. ते तीन दिवस वाया घालवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत काहीच विचारलं नाही. गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि जिभेवरून हलकेच फिरवला. पांढरं गॉजवर आलं, खाली लालभडक, कोवळी जागा राहिली, एका ठिकाणी रक्ताचा टिपका दिसला. त्यांनी श्वास सोडला, आणि मग आम्हीही. "पुसून निघतंय. जो पांढरा चट्टा पुसून निघत नाही त्याची मला काळजी असते. ही बुरशी आहे. तरी स्लाइड बघून घेऊ."

लॅबमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी निघाली. "मॅडम, बघता का?" म्हणून तिनं खुर्ची रिकामी करून दिली. काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की माणसाच्या पेशी विरघळून पुसट होतात, बुरशीची भिंत मात्र तशीच राहते. मी डोळा लावला. गोल, अंडाकृती पेशी, काहींना कळीसारखी पिल्लं फुटलेली, असं यीस्ट मी पावाच्या पिठात हजारदा दाखवलं आहे. पण त्यांच्यामधून लांब, पारदर्शक धागे गेले होते. वेलीचे तणावे जसे आधार शोधत जातात तसे. मी बराच वेळ बघत बसले. बाबांच्या जिभेतून हे धागे आत शिरत होते.

कँडिडा अल्बिकन्स. १९२३ मध्ये क्रिस्टीन बेर्कहाउट या डच संशोधिकेनं बुरशीच्या या प्रजातीला कँडिडा हे नाव दिलं. लॅटिनमध्ये कँडिडा म्हणजे शुभ्र, अल्बिकन्स म्हणजे पांढरं होत जाणारं. हा जीव बाहेरून आलेला नसतो. दर दहा निरोगी माणसांतल्या तीन ते सहा जणांच्या तोंडात तो असतोच, बहुतेकदा गोल यीस्टच्या रूपात, गुमान. लेख वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या जिभेवर तो या क्षणी आहे. त्रास सुरू होतो तो धागे फुटल्यावर. धागे कातडीच्या पेशींना चिकटतात, आत घुसतात आणि कँडिडालायसिन नावाचं विष सोडून त्यांना भोकं पाडतात. हे विष तर २०१६ साली कळलं, मी शिकवायला लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं, घाबरू नको, बुरशी आहे.

"बुरशी?" आई म्हणाली. "मग ओल लागली असंल."

आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिचं सगळं आयुष्य ओलीशी झगडण्यात गेलं आहे. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू द्यायचा नाही, डाळी कडक उन्हात तापवून भरायच्या, मिरच्या वाजल्याशिवाय कुटायच्या नाहीत. पावसाळ्यात आमच्या मानेवाड्याच्या घरात चपलांवरही पांढरा थर चढतो. ओल तिथे बुरशी, हे तिचं शास्त्र, आणि ते बरणीच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. पुढचे दोन दिवस तिनं बाबांचं घोट घोट पाणी कमी केलं. स्वच्छ पंच्यानं ती त्यांचं तोंड आतून टिपून कोरडं करायची. बाबा सहन करत होते, कारण ती मायेनं करत होती. आणि मी जीवशास्त्राची शिक्षिका तिला थांबवू शकले नाही. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोवीस तास ओलं, ऊबदार, अन्नाचे कण अडकलेलं तोंड. बुरशीला याहून चांगली जागा कोणती? मग ती एरवी सगळ्यांच्या तोंडात का माजत नाही? आणि बाबांचं तोंड कोरडं ठणठणीत पडल्यावरच का माजली?

दुसऱ्या भेटीत आईनं पंच्याचं सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "काकू, इथं उलटं आहे. ओल गेली म्हणून बुरशी आली," एवढंच म्हणाले आणि कपाटातून ती नळी काढली.

मी २७ वर्षं लाळ शिकवली. पाचक रस म्हणून. टायलिन हे विकर पिष्टमय पदार्थाचं माल्टोज करतं, मुलांनो, भाकरी चावत राहा, गोड लागेल. परीक्षानळीत पिठाचं पाणी घ्यायचं, आयोडीनचा थेंब टाकायचा, गडद निळं होतं. मग त्यात लाळ. मुली तोंडावर ओढणी घेऊन हसायच्या, मुलं एकमेकांना ढकलायची. थोड्या वेळात निळा रंग विरून जायचा आणि वर्ग गप्प व्हायचा. तो प्रयोग मला आजही आवडतो. पण लाळेचं सगळं काम मी त्या एका नळीत संपवलं, ती राखण करते हे एकाही पिढीला सांगितलं नाही. ही कसर भरून काढायची म्हणून मी वाचायला लागले, रात्री, बाबा झोपल्यावर.

जिभेचं टोक वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आत फिरवून बघा. एक बारीक फुगवटा लागेल. कानापुढच्या ग्रंथीची नळी तिथे उघडते. १६६० मध्ये नील्स स्टेन्सन हा बावीस वर्षांचा विद्यार्थी ॲमस्टरडॅममध्ये मेंढीचं मुंडकं कापत होता, तेव्हा त्याला ती सापडली. अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या, कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ करतात आणि आपण ती नकळत गिळत राहतो. आईच्या कोड्याचं पहिलं उत्तर इथंच आहे. बरणीतली ओल साचलेली असते, तोंडातली वाहती. बुरशीची पेशी कुठेतरी चिकटायच्या आत लाळ तिला उचलते आणि पोटात नेऊन टाकते. तिकडे आम्ल तिची वाट बघत असतं. पहाटे उठून अंगणात सडा टाकणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं जे केलं तेच हे. एका दिवसाचा सडा चुकला तर कुणाला कळत नाही. महिनाभर चुकला की अंगण कळवतं.

पण वाहणं हे अर्धंच उत्तर. तसं असतं तर बाबांना पाण्याची बाटली पुरली असती. लाळेत ९९ टक्क्यांच्या वर पाणीच असतं, खरं काम उरलेल्या चिमूटभर ऐवजात आहे, आणि तो बाटलीत नसतो.

त्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं म्युसिन. लाळेला जो बुळबुळीतपणा असतो, तार निघते, ती म्युसिनमुळे. या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या असतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की म्युसिनवरच्या या साखरसाखळ्या कँडिडाला मारत नाहीत, त्याला धागेच फुटू देत नाहीत. तो गोल राहतो, गुमान राहतो. हे वाचलं त्या रात्री मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पाणी प्यायले. स्लाइडवर पाहिलेले ते तणावे डोळ्यांसमोर होते. लाळेच्या ज्या तारेची आपल्याला किळस येते, तीच त्यांना अडवणारी होती.

आणि हिस्टॅटिन. बॉस्टनमध्ये फ्रँक ओपेनहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली या प्रथिनांच्या घराण्याची ओळख करून दिली. यातलं हिस्टॅटिन ५ हे फक्त २४ अमिनो आम्लांचं, एवढंसं, आणि हे मात्र मारतं. ते बुरशीची भिंत फोडत नाही. पॉलिअमाइन नावाची पोषक द्रव्यं आत घ्यायला बुरशीनं स्वतःच जी दारं ठेवलेली असतात, त्यांतून ते आत जातं. मग पेशीतलं पोटॅशियम बाहेर गळायला लागतं, शक्तीचा साठा म्हणजे एटीपी बाहेर गळतं, आणि पेशी रिकामी होऊन मरते. बुरशीही गप्प बसत नाही, ती हिस्टॅटिन कातरणारी विकरं सोडते. ही ओढाताण आपल्या गालात रोज चालते. लाळेचा झरा वाहता असेपर्यंत ताजं हिस्टॅटिन येत राहतं. झरा आटला की एकाच बाजूची रसद तुटते.

बाकीच्यांची नावं घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, ती आपल्यासाठी इतकं करतात. लॅक्टोफेरिन लोह धरून ठेवतं, बुरशीला मिळू देत नाही. आयजीए ही प्रतिपिंडं जंतूंना गुंडाळतात, चिकटू देत नाहीत. बायकार्बोनेट आम्ल मोडतं. लायसोझाइम तर अलेक्झांडर फ्लेमिंगना पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, १९२१ मध्ये, स्वतःच्या सर्दीच्या शेंबडात सापडलं. मग ते अश्रूंत मिळालं, लाळेत मिळालं. शेंबूड, अश्रू, लाळ, आपण ज्यांना पुसून टाकतो ती सगळी.

लाळ सगळीकडे भलंच करते असंही नाही. तिच्यातली काही प्रथिनं दातांवर आणि कवळीवर पातळ थर धरतात आणि कँडिडाला त्या थरावरच चिकटायला जागा मिळते. कवळी टाळूला घट्ट बसली की तिच्याखाली लाळ पोचत नाही, आणि झोपेत तर लाळ जवळजवळ थांबतेच. हे वाचून दुसऱ्या दिवशी मी महालात मामांना फोन केला. "मामा, रात्री कवळी काढून ठेवता नं?" ते म्हणाले, "काहून? मला तं काही त्रास नाही." दुखत नाही हेच त्यातलं फसवं. कवळीखालची टाळू लालबुंद होते आणि माणसाला पत्ता नसतो. आता ते रात्री कवळी घासून पाण्यात ठेवतात.

आमच्या घरातही एक चूक सापडली. बाबांना जुना दमा आहे. ते दोन वेळा पंप घेतात, स्टेरॉइडचा. डॉक्टरांनी विचारलं, "पंप घेतल्यावर चूळ भरता का?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. औषधाचा बराचसा अंश तोंडात, घशात बसतो आणि तिथली प्रतिकारशक्ती दाबतो. एरवी लाळ तो धुऊन नेत असावी, आता धुणारं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत ही साधी चूळ आम्हाला कुणी सांगितली नव्हती आणि मीही पंपाच्या खोक्यातला कागद कधी उलगडून वाचला नव्हता. तुमच्या घरात कुणी पंप घेत असेल तर त्यांना आजच सांगा. चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि पाणी टाकून द्यायचं.

पहिल्यांदा चघळायच्या गोळ्या मिळाल्या, क्लोट्रिमाझोलच्या. बाबांनी गोळी गालात ठेवली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, गोळी तशीच, खड्यासारखी. ती विरघळवायलाही लाळच लागते. हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग गोळ्या जाऊन निस्टॅटिनचं पातळ औषध आलं. दिवसातून चार वेळा, तोंडात घोळवायचं, जमेल तेवढा वेळ धरून ठेवायचं. हे औषध पोटातून रक्तात जात नाही, जिथे लागेल तिथेच काम करतं. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात ते नसतं. निस्टॅटिन त्यालाच जाऊन धरतं आणि भोकं पाडतं. त्यात साखर असते, म्हणून थोड्या वेळानं साध्या पाण्याची चूळ, कारण लाळ नसलेल्या तोंडात दात फार लवकर किडतात.

निस्टॅटिनची गोष्ट मी बाबांना दोन दुपारी थोडी थोडी करून सांगितली. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन तिथून दूर ऑल्बनीत. एक जंतुशास्त्रज्ञ, दुसरी रसायनशास्त्रज्ञ. मातीचे नमुने आणि अर्क डब्यांत भरून टपालानं एकमेकींना पाठवत त्या काम करायच्या. व्हर्जिनियातल्या ओळखीच्या एका शेताच्या मातीतून त्यांना हवा तो जीव मिळाला. १९५० मध्ये त्यांनी औषध जाहीर केलं आणि न्यूयॉर्क स्टेटच्या नावावरून त्याला निस्टॅटिन म्हटलं. स्वामित्वाचे १ कोटी ३० लाखांहून जास्त डॉलर आले, ते त्यांनी स्वतःला घेतले नाहीत, विज्ञानासाठी देऊन टाकले. बाबा ऐकत होते. बाटली हातात फिरवून म्हणाले, "टपालानं? माती?" ज्या माणसानं जन्मभर गाडीच्या डब्यांतून पार्सलं जाताना पाहिली, त्याला ते फार आवडलं. त्यानंतर त्यांनी एकही वेळ चुकवली नाही.

दोन आठवड्यांत पांढरं गेलं. कोरड राहिली.

ती कोरड काय असते हे मी जवळून पाहिलं आहे. सकाळी ओठ दातांना चिकटलेले असायचे, ते पाण्यानं सोडवावे लागायचे. तर्री पोहे त्यांचा जीव की प्राण, पण तर्रीचा एक थेंब लागला की डोळ्यांत पाणी यायचं. डोळ्यांत यायचं, तोंडात नाही. आई पोहे दुधात भिजवून द्यायची. त्यांना चवही कळत नव्हती. आयुर्वेदात जिभेवरच्या कफाला बोधक कफ म्हणतात, चवीचा बोध करून देणारा. कोरड्या जिभेवर चव पोचतच नाही हे ज्यांनी त्या काळी ओळखलं, त्यांना मी मनोमन नमस्कार केला. बोलतानाही शब्द अडकायचे. आवंढा हा मराठीतला किती भावनेचा शब्द आहे. दुःख झालं की आवंढा गिळतात. बाबांना तोही गिळता येत नव्हता.

लाळ वाढवायचं एक औषध ब्राझीलमधल्या जॅबोरँडी नावाच्या झाडापासून मिळतं, पायलोकार्पिन. तिथल्या तुपी लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थच लाळ गाळायला लावणारं असा सांगतात. दम्यामुळे डॉक्टरांनी बाबांना ते दिलं नाही. मग राहिले साधे उपाय, आणि ते आईनं हातात घेतले. एकदा तिला कळलं की इथली ओल राखायची आहे, की तिनं तिचं सगळं शास्त्र उलटं फिरवलं. उशाशी पाण्याचा तांब्या. दर थोड्या वेळानं एक घोट. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून चुळा. बिनसाखरेचं च्युइंगगम, कारण जबडा हलला की उरल्यासुरल्या ग्रंथी जाग्या होतात. ऐंशीच्या उंबरठ्यावरचे बाबा गच्चीवर च्युइंगगम चघळत फेऱ्या मारायचे. आमची आजी तोंड आलं की जाईचा पाला चावायला द्यायची ते मला तेव्हा आठवलं. चावण्यानं लाळ सुटते, तेवढा भाग तर तिच्या उपायात पक्का होता. माझ्या धाकट्या भावाच्या तोंडात, तो तान्हा असताना, असेच पांढरे चट्टे आले होते. तेव्हा तिनं मधातून टाकणखार लावला होता. ते मात्र आता कुणी करू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो आणि टाकणखार तर नाहीच नाही.  बाळाला डॉक्टरांकडेच न्यायचं.

उन्हाळा गेला. पारा ४५ च्या वर गेलेले दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. किरणं देताना डाव्या कानापुढची ग्रंथी शक्य तेवढी वाचवली आहे, असं सांगितलं होतं. ती सावरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, पूर्वीसारखी लाळ परत येईलच असं नाही. आम्ही विचारणं सोडून दिलं.

डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री आली. बाबांनी वर्षभर संत्रं तोंडाला लावलं नव्हतं, ते झोंबायचं. त्या दुपारी त्यांनी स्वतःहून एक फोड मागितली. आईनं साल काढली, शिरा काढल्या, बिया काढल्या, फोड उलगडून नुसता गर त्यांच्या जिभेवर ठेवला. बाबांनी डोळे मिटले. बराच वेळानं म्हणाले, "आंबट आहे." मग आणखी एक मागितली. दोन फोडी खाऊन ते दुपारचे आडवे झाले, डाव्या कुशीवर.

मी आत पेपर तपासत होते. आईनं दारातून खूण केली, आवाज न करता ये. चाळीस वर्षं ती उशीच्या अभ्र्यांवरून बाबांना बोलत आली होती, खर्ऱ्याच्या लाळेचे तपकिरी डाग काही केल्या निघायचे नाहीत म्हणून. बाबांचं तोंड किंचित उघडं होतं. गालाखाली, पांढऱ्या अभ्र्यावर, रुपयाएवढी एक जागा जरा गडद दिसत होती. तिला रंग नव्हता.

गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या वाळल्या का हे बघायला आई बोटाची मागची बाजू टेकवते. तसंच तिनं वाकून त्या जागेवर बोट टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ओलं आहे," ती म्हणाली.